आमच्या मावशी

मला राग पटकन येतो हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई उगीच आकांडतांडव करते. पण माझा नेहमीचा राग येतो तसा जातो. दूध उतू गेल्यासारखं असतं ते, फडकं फिरवलं की संपलं. हा राग मात्र आला आणि बसूनच राहिला आहे. आमचे यजमान दामोदर रोज म्हणतात, सोड गं आता, किती दिवस तेच तेच. कसं सोडू? माझा केसानं गळा कापलाय, आणि तोही कुणी परक्यानं नाही. जिला कावीळ झाली तेव्हा मी उशाशी बसून पेज भरवली, त्या पोरीनं.

मी वीणा. जन्म बेंगळूरुचा, सासर बेंगळूरुचं, घर जे. पी. नगरला. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि डोकं फिरलं की दोन्ही. सगळं गाव मला अक्का म्हणतं. भाजीवाला, रिक्षावाले, शेजारची म्हातारी, सगळे अक्काच म्हणतात. मला बहीण नाही, त्यामुळे मावशी म्हणणारं कुणी नव्हतं. ते एक राहूनच गेलं होतं.

फोनवर मी एक ग्रुप चालवते. 'किल्ली' त्याचं नाव. हल्ली लोक आपलं रिकामं घर, वरचा मजला दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना देतात ना, साइटवर टाकून, तशा घरमालकांचा हा ग्रुप. यातले निम्म्याहून जास्त मालक गावातच नसतात. मग पाहुण्याला किल्ली कोण देणार? गीझर चालत नाही म्हणून फोन आला तर कोण धावणार? चादरी कोण बदलणार, टँकरवाल्याशी कोण भांडणार? त्यासाठी को-होस्ट लागतो, म्हणजे मालकाच्या जागी उभा राहणारा माणूस. इंटरनेटवर याचे मोठमोठे ग्रुप ढिगानं आहेत. तिथे कुणी 'को-होस्ट हवा' असं लिहायचा अवकाश, माणसं तुटून पडतात, आणि त्यातला खरा कोण आणि भामटा कोण हे देवालाच ठाऊक. मी त्या गर्दीतून माणसं वेचते. फोन करते, घरी जाऊन भेटते, त्यांच्या हातचा चहा पिते. बोलण्यावरून स्वल्प कळतं, बाकीचं मोरीकडे नजर टाकली की कळतं. मग आमच्या ग्रुपवर त्यांची ओळख करून देते. एक पैसा घेत नाही. दामोदर म्हणतात, मी नोकरीतून सुटलो आणि तू बिनपगारी लागलीस.

आणि क्वचित कधीतरी, एखाद्याबद्दल माझी पुरती खात्री पटली, की मी त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिते: जामीन. म्हणजे हा माणूस चुकला तर त्याला नका बोलू, मला बोला. 'अक्का जामीन आहेत' म्हटलं की ग्रुपवर पुढची चौकशी कुणी करत नाही. या शब्दाला मी फार जपलं होतं. सख्ख्या दिराच्या मुलासाठीसुद्धा मी तो लिहिला नव्हता, त्यावरून वर्षभर अबोला सोसला.

आता यशश्री. पुण्याची पोर, लग्न होऊन नवऱ्याबरोबर इथे आयटीत नोकरीला आली आणि आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिली. आल्याच्या पहिल्याच सकाळी जिन्यातून हाक मारली, 'मावशी, फडकं आहे का हो एखादं?' त्या एका हाकेनं माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अहो-जाहो चार दिवसांत गळालं आणि मी तिची 'अगं मावशी' झाले. तिचा सिलेंडर मी उतरवून घेतला, कुरिअर मी घेतली, ती गावाला गेली की कुंड्यांना पाणी मी घातलं. तिची सासू यायची तेव्हा चकल्या मी तळल्या, आणि त्या सुनेनं तळल्यात असंही मीच सांगितलं. कावीळ झाली तेव्हा तर विचारूच नका. हे सगळं मी हौसेनं केलं. भाचीचं नाही करायचं तर कुणाचं करायचं?

पुढे त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला फ्लॅट घेतला आणि थोड्याच दिवसांत दोघांचीही पुण्याला बदली झाली. फ्लॅट मेट्रोजवळ, आसपास कंपन्या. मुलाखतीला येणारी मुलं, ऑफिसच्या कामाला येणारे लोक, परीक्षेला मुलीला घेऊन येणारे आईबाप, असे पाहुणे भरपूर. यशश्रीनं फ्लॅट साइटवर टाकला आणि मला फोन केला. मावशी, तुझ्याशिवाय मला कोण आहे तिथे, चांगला को-होस्ट शोधून दे.

मी शिवलीला शोधून दिली.

ती मला एका मोठ्या ग्रुपवरच सापडली. बाकीच्यांनी इंग्रजीत परिच्छेदच्या परिच्छेद पाठवले होते. हिनं मराठीत लिहिलं होतं, 'घर बघाय दिलं तर नीट बघतो. लबाडी जमत नाही.' निपाणीकडची. आमच्या त्या सीमेकडच्या बायका स्वतःला 'मी करतो, मी येतो' असंच म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. यशश्रीलाही आलं होतं, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. शिवलीला नवऱ्याचं घर सोडून आलेली, होसकोटेला एका कारखान्याचं कँटीन सांभाळायची आणि के. आर. पुरमला बायकांच्या हॉस्टेलात राहायची. एका खोलीत चार कॉट, त्यातली एक तिची. आई, गंगव्वा, गावी भावाकडे. भावजय म्हातारीपुढे ताट आपटून ठेवते, हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेली. दोन खोल्या मिळवायच्या आणि आईला आणायचं, बस, याच्या पलीकडे त्या बाईला काही नको होतं.

तिची अट एकच होती. त्या साइटवर घराचं पान असतं ना, तिथे मालकाच्या नावाखाली को-होस्टचं नाव आणि फोटो लावता येतो. मग पाहुण्यांनी केलेली वाखाणणी तिच्याही खात्यात जमा होते, आणि ती बघून दुसरे मालक काम देतात. पगार काय द्याल तो द्या, म्हणाली, पण माझं नाव लावा. कँटीनमधी इतकी वर्सं रांधलं, नाव कंत्राटदाराचं झालं. आता एकदा माझं नाव पायजे.

मी तिच्यासमोरच यशश्रीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. यशश्री खळखळून हसली. 'अगं मावशी, शिवलीलामावशींचं नाव नाही लावणार तर कुणाचं लावणार?'

फोन ठेवल्यावर शिवलीला जरा कोड्यात पडली होती. तिनं मला विचारलं की मी त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्सांनीच मोठी असेन, मग मी मावशी कशी ओ? मी तिला वेड्यात काढलं. अगं, मान देतेय तुला. घरातली मानतेय. मलाही मावशीच म्हणते ती. हे ऐकून तिचा चेहरा सैल झाला. तिच्या भागात मावशी म्हणजे आईची बहीण. माझ्याही घरात मावशी म्हणजे आईची बहीण. कामाला येणाऱ्या बाईला आम्ही इथे नावानं हाक मारतो, नाहीतर अक्का म्हणतो. पुण्यात त्या शब्दाचं काय झालंय हे आम्हा दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. टीव्हीवर कधी ऐकलं असेल, कानावरून गेलं असेल.

आणि त्या भरात मी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. एरवी मी मालकापुढे को-होस्टसाठी जामीन राहते. त्या दिवशी को-होस्टपुढे मालकासाठी राहिले. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, नाव लागेल शिवलीला, मी जामीन.

तिनं कँटीन सोडलं आणि घर धरलं. सोफ्याखालची धूळ, गच्चीवरची टाकी, लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मागे लागणं, सगळं. एका मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र प्रवासात भिजलं तर सकाळीच झेरॉक्सवाल्याला उठवून नवं छापून आणलं. पाहुण्यांचे मेसेजही तीच बघायची. यशश्रीनं आपलं लॉगिन तिच्या फोनवर टाकून दिलं होतं, म्हणजे उत्तर शिवलीलानं द्यायचं आणि ते यशश्रीच्या नावानं जायचं. इंग्रजी अडलं की मला फोन यायचा. पाहुणे जाताना पानभर कौतुक लिहून जायचे, यशश्रीनं किती काळजी घेतली म्हणून. यशश्री तेव्हा पुण्यात ऑफिसात बसलेली असायची.

नाव काही लागत नव्हतं. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, अगं मावशी, व्हेरिफिकेशन अडकलंय त्यांच्याकडे, होईल. मी तेच शिवलीलाला सांगायची. एकदा ती जे. पी. नगरला आली आणि फोन उघडून मला ते पान दाखवलं. इंग्रजीत लिहिलं होतं की आमच्या मावशी तुमचं घरच्यासारखं स्वागत करतील. नाव अजून न्हाई अक्का, म्हणाली, पण मावशी लिहिलंय बघा की. आम्ही दोघींनी त्या आनंदात केसरीबाथ, म्हणजे इथला गोड शिरा, करून खाल्ला.

मग आले भीमाचार्य. आमच्याच मागच्या रस्त्याला राहतात, कन्नड माणूस, शिस्तीचा, बोलणं मोजकं. त्यांच्या मालकीची शेजारी-शेजारी दोन घरं पाहुण्यांना देतात. आधीच्या को-होस्टनं घरात पार्ट्या होऊ दिल्या, त्यामुळे ते पोळलेले. आता मुलीकडे परदेशी जायचं होतं, बऱ्याच दिवसांसाठी. त्यांनी ग्रुपवर लिहिलं की को-होस्ट हवा, आणि त्याला मागच्या अंगणातल्या दोन खोल्या राहायला देईन. स्वतंत्र दार, स्वतंत्र नळ.

दोन खोल्या. मी वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली.

शिवलीला त्यांना भेटून आली. कन्नडही छान बोलते ती. आचार्यांना पसंत पडली. पण मग त्यांनी तिचं पान बघायला मागितलं, आणि पानावर तिचं नाव कुठेच नाही. त्यांनी मला फोन केला. तुमच्या शब्दाचा मान आहे, म्हणाले, पण ही बाई म्हणते घर मी चालवलं आणि तिथे तर फक्त मालकिणीचं नाव आहे. मालकिणीनं एकदा माझ्यासमोर सांगू दे की हिनं चालवलं. तेवढं पुरे. रविवारी सकाळी ग्रुपची व्हिडिओ मीटिंग असते, त्यात सांगितलं तरी चालेल.

म्हणजे काम उरलं होतं एका वाक्याचं. मी लगेच यशश्रीला फोन केला आणि भाबडेपणानं सगळं ओकले. आचार्य कोण, घरं कशी, खालच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण चालत नाही, पार्टीच्या नावानं कसे भडकतात, कन्नडमध्ये नमस्कार केला की कसे विरघळतात, सगळं. तुला नुसतं खरं सांगायचं आहे, त्या बाईच्या आईचा प्रश्न सुटेल, असंही म्हटलं. एवढंच ना, सांगते की, यशश्री म्हणाली. मग आणखी दोन-तीन गोष्टी तिनं आचार्यांबद्दल विचारून घेतल्या. मला वाटलं, पोर किती आपुलकीनं चौकशी करतेय.

रविवारी दामोदरांनी माझा फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर चौकोनांत एकेक चेहरा. आचार्य गंध लावून बसलेले. शिवलीला के. आर. पुरमच्या फ्लॅटमधून, इस्त्रीची साडी नेसून, मागे खिडकीचा पडदा नीट सरळ केलेला. यशश्री पुण्याहून. आणखी सात-आठ मालक, त्यांत प्रांजली नावाची एक पुण्याचीच मुलगी.

आचार्यांनी विषय काढला. यशश्रीनं आधी कन्नडमध्ये नमस्कार केला. मला कौतुक वाटलं, बघा म्हणजे मी किती मूर्ख. मग ती इंग्रजीत बोलायला लागली. म्हणाली, सर, मी हे घर पुण्यात बसून एकटीनं चालवून दाखवलंय. बुकिंग, पाहुण्यांशी बोलणं, तक्रारी, सगळं माझ्याकडे. पाहुण्यांनी काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच असेल. आता हेच काम मी दुसऱ्या मालकांसाठीही करणार आहे. घरावर फक्त एक विश्वासू माणूस लागतं, आणि ते माझ्याकडे आहे. तिथे आमच्या मावशी आहेत. सगळं इंग्रजी, तो एक शब्द तेवढा मराठी.

आचार्यांना कळेना. त्यांनी विचारलं, मावशी म्हणजे चिक्कम्मा ना? ही शिवलीला तुमच्या आईची बहीण लागते?

प्रांजली हसली. तिच्या मनात काही नव्हतं, ती बिचारी मदत करत होती. 'नाही हो सर, आमच्याकडे पुण्यात कामवालीला मावशी म्हणतात. बाई म्हटलं तर बरं नाही वाटत ना, म्हणून.'

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, नुसती गंमत कळल्यासारखे हसले. मी शिवलीलाच्या चौकोनाकडे बघितलं. तिचा हात कॅमेऱ्याकडे आला. नंतर तिचा चौकोन काळा झाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलायला लागले, जोरात बोलायला लागले, आणि कुणी माझ्याकडे बघेना. आवाज बंद होता. दामोदर ते बटण शोधेपर्यंत यशश्रीनं आचार्यांना सगळं समजावून टाकलं होतं. तुमची दोन्ही घरं मी पुण्याहून बघते, कांदा-लसूण नाही, पार्टी नाही, मला तुमची काळजी समजते, आणि मावशींना मागच्या खोल्यांत ठेवू या, म्हणजे माणूस कायम जागेवर. त्यांच्या मनातला एकेक काटा हिनं बरोबर उपटला. उपटणारच. कुठे रुतलाय ते मीच दाखवलं होतं.

शेवटी आवाज सुरू झाला. मी म्हटलं, 'हे खोटं आहे. घर शिवलीलानं चालवलंय, मी साक्षीला आहे, मी जामीन आहे.'

यशश्री गोड हसली. इतकी गोड की कुणालाही माझाच राग यावा. म्हणाली, 'वीणामावशींचं मन फार मोठं आहे. त्या सगळ्यांबद्दल असंच बोलतात.'

झालं. एका वाक्यात तिनं माझ्या त्या शब्दाला केराची टोपली दाखवली. आणि मावशीचा अर्थ सगळ्यांना नुकताच समजला होता. प्रांजलीनं पटकन खाली बघितलं. आचार्य माझ्याकडे बघत होते, जरा दयेनं, आणि माझ्या डोक्यात सिलेंडर, कुरिअर, कुंड्या, चकल्या, पेज, सगळं ओळीनं उभं राहिलं. मी भाचीचं समजून केलं. ती काय समजून घेत होती?

दुपारी मी तिला फोन केला. ओरडायचं नाही असं ठरवून केला आणि खरंच ओरडले नाही. तिनंच समजावायला सुरुवात केली. मावशी, तू उगीच इमोशनल होतेयस. त्यांचं नाव लावलं असतं तर उद्या कुणीही त्यांना पळवलं असतं, मग माझ्या घराचं काय? हा बिझनेस आहे. आणि मी त्यांना काढलंय का? उलट राहायला खोल्या मिळवून दिल्या. त्यांचं इंग्रजी ऐकून आचार्यांनी नाहीतरी त्यांना घर दिलं नसतंच. असं नाकानं कांदे सोलणं बराच वेळ चाललं. व्हेरिफिकेशन कधी अडकलंच नव्हतं का, असं मी विचारलं. त्यावर ती म्हणाली, अगं, ते आता महत्त्वाचं आहे का?

मग मी विचारलं, 'यशश्री, तू मला मावशी म्हणतेस ते कुठल्या अर्थानं?'

ती थांबली. तिनं तिथे पटकन खोटं बोलायला हवं होतं. इतक्या खोट्यात आणखी एक, मी ते आनंदानं गिळलं असतं.

'अगं असं काय विचारतेस,' ती म्हणाली. 'शब्द तर तोच आहे ना.'

मी फोन ठेवला. दामोदरांनी पाणी आणून दिलं, आणि मला त्यांचाही राग आला. मग मी बसून ग्रुपवर लिहिलं. मराठीत लिहिलं, कन्नडमध्ये लिहिलं, इंग्रजीतही मोडकंतोडकं लिहिलं. घर शिवलीलानं चालवलं, पाहुण्यांना उत्तरं तिनं दिली, नाव लावायचं कबूल करून यशश्रीनं तिच्या तोंडाला पानं पुसली, आणि यशश्रीसाठी मी जामीन राहिले होते. एकही शब्द वाढवला नाही. खाली कुणी हात जोडल्याची चित्रं टाकली, कुणी लिहिलं की अक्का, ग्रुपवर वैयक्तिक विषय नकोत. बाकीच्यांनी वाचून गप्प बसणं पसंत केलं. यांतल्या निम्म्या लोकांना माणसं मी शोधून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रो बदलत के. आर. पुरमला गेले. शिवलीलाला भेटून तिच्याबरोबर यशश्रीला शिव्या घालाव्या, असं मनात होतं. दोघी मिळून रडलो असतो तरी चाललं असतं. दार तिनंच उघडलं. पाहुणे सकाळीच गेले होते, ती पलंगाची चादर काढत होती. बसा म्हणाली, आणि चादर काढतच राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज साफ कोरडा.

आचार्यांचा फोन येऊन गेला होता. घरं यशश्रीकडे दिली, मागच्या खोल्या तुम्हाला, शनिवारी राहायला या, म्हणाले. पण माझा मेसेज वाचून त्यांनी हेही सांगितलं की तुमच्यात भांडणं असतील तर मला दोघीही नकोत, मी दुसरं कुणीतरी बघतो.

'अक्का, ते पुसून टाका,' शिवलीला म्हणाली.

'खरं आहे ते सगळं,' मी म्हटलं.

'खरंच हाय. पण माझी आई त्या खऱ्यात राहाय यायची न्हाई. दोन खोल्यांत येईल.'

मी वाद घातला. म्हटलं, मी आचार्यांच्या दारात जाऊन बसते, त्यांना एकेक मेसेज दाखवते, आज गप्प बसलीस तर जन्मभर तुझं नाव लागणार नाही. तिनं उशीचा अभ्रा उलटा करून झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की तुम्ही जामीन राहिलासा नव्हं माझ्यासमोर? दुसऱ्यानं बुडवलं की जामीन भरतो. मी तुमच्याकडं दुसरं काही मागत न्हाई, एवढं पुसणं मागतो.

शिवलीलाचा राग यशश्रीवर होताच, पण तिच्याकडून तिनं कधी फार अपेक्षा केली नव्हती. मावशी म्हणजे मान असतो हे तिला मी सांगितलं होतं. नाव लागेल, थांब, हे दर वेळी मी सांगितलं होतं. फसवलं यशश्रीनं, पण तिला ते पोचवलं मी. मला हे असं सरळ दिसलं आणि बसायला जागा असून मी उभीच राहिले.

तरी माझी जीभ गप्प बसेना. 'आणि तू राहशील? त्या बाईची मावशी म्हणून, मागच्या अंगणात?'

तिनं आता माझ्याकडे बघितलं. 'मी त्याचा पगार घेतो, अक्का. तुम्ही फुकट केलासा.'

ती ते टोचायला म्हणाली नव्हती. हिशेब सांगावा तसं म्हणाली, म्हणूनच जास्त लागलं. मी फोन काढला, ते तिन्ही भाषांतलं लिखाण शोधलं आणि पुसलं. तिला फोन पुढे करून दाखवलं. तिनं मान हलवली. आता यशश्री खरी ठरणार होती आणि मी मोठ्या मनाची, उगीच कुणाचंही कौतुक करणारी म्हातारी. ते माझं मीच शिक्कामोर्तब केलं, माझ्या बोटानं.

निघताना माझ्या तोंडून सवयीनं गेलं की शनिवारी येऊ का सामान लावायला, डबे धुवायला, म्हाताऱ्या माणसाला स्वयंपाकघर सोयीचं लागतं.

'नको,' शिवलीला म्हणाली. पहिल्यांदाच तिनं हातातलं काम खाली ठेवलं. 'मागनं या, आई आल्यावर. पाव्हणी म्हणून या. कशाला हात लावायचा न्हाई, नुसतं बसायचं. मी वाढतो.'

मी कन्नडमध्ये 'सरी' म्हटलं, म्हणजे बरं. तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून घाईघाईनं चपला घातल्या.